संमोहनाने तो दिवस पुसला जाईल का?

वाचक भगिनीचं पत्र:

मॅडम, नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. माझे मिस्टर एका होलसेल दुकानाची पिकअप चालवायचे. गेल्या वर्षी आषाढात धो धो पाऊस पडत असताना एका वळणावर समोरून येणारी मोटरसायकल घसरली आणि ती चालवणारा मुलगा यांच्या गाडीखाली आला. यांची चूक नव्हती, पंचनाम्यातही तसंच लिहिलंय. यांनीच १०८ ला फोन केला आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या मुलाचा हात धरून रस्त्यात बसून राहिले. तो वाचला नाही. वय असेल वीस-बावीस.

तेव्हापासून माणूस बदलला. स्टीअरिंगला हात लावत नाहीत. मालक भला, त्याने गोदामात काम दिलं. पण त्या वळणावरून जायला नको म्हणून तिथेसुद्धा आडवाटेने जातात. रात्री दचकून उठतात, घामाने चिंब असतात, मग पहाटेपर्यंत ओसरीवर फेऱ्या मारतात. झोप यावी म्हणून आता रोज पितात. जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलीसाठी निळा रेनकोट आणला. ती तो घालून समोर आली, तर यांनी तिच्या अंगावरून ओढून काढला आणि अंगणात भिरकावला. आठ वर्षांची पोर थरथर कापत होती. नंतर हे न्हाणीघरात जाऊन रडले. अधूनमधून म्हणतात, "तो गेला, मी कशाला राहिलो?"

सासूबाईंनी देवळात कौल घेतला, गाऱ्हाणं घातलं. शेजारी म्हणतात, वर्ष झालं, आता विसरायला हवं. माझ्या भावाने किनारपट्टीवरच्या एका हिप्नोथेरपिस्टची जाहिरात पाठवलीय. पाच सेशनमध्ये आठवण कायमची पुसून देतो म्हणतो, गॅरंटी देतो, पैसे मात्र आगाऊ मागतो. बेशुद्ध करून काहीबाही वदवून घेतील म्हणून मिस्टर घाबरतात. अपघाताची केस अजून कोर्टात आहे. काय करू? गणपतीची चवथही तोंडावर आलीय.
— एक पत्नी

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या जाहिरातवाल्याकडे त्यांना पाठवू नका, आणि आगाऊ पैसे तर मुळीच भरू नका. संमोहनाने आठवण पुसली जात नाही, ती कुणालाच पुसता येत नाही. अशा त्रासात संमोहनाचा उपयोग मात्र होऊ शकतो. तो करणारा माणूस जाणता हवा, वेळ योग्य हवी आणि मुख्य उपचार सोबत चालू हवा. सुरुवात तिथून करायची नाही, एवढंच.

तुमच्या पत्रातला एक शब्द इतर सगळ्यांच्या आधी घ्यायला हवा. "मी कशाला राहिलो?" हे ते बोलतात, ते हलक्यात घेऊ नका. आज रात्रीच, मुलगी झोपल्यावर, शेजारी बसून सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता इस्पितळात न्या. बागायतीत फवारायचं औषध घरात असेल तर ते आजच दुसऱ्याच्या घरी ठेवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतःही त्यावर बोलू शकता.

आता त्यांना होतंय काय. पत्रावरून मी निदान करणार नाही, ते मनोविकारतज्ज्ञच करतील. पण तुम्ही लिहिलेलं सगळं आघातोत्तर तणावाच्या दिशेने बोट दाखवतं. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराला अधिकृत यादीत जागा दिली, तेव्हा डोळ्यांसमोर होते ते व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक. म्हणून पुष्कळांना अजून वाटतं की हा फौजेतल्या माणसांचा आजार. तसं नाही. अपघात, पूर, मारहाण, बलात्कार, अवघड बाळंतपण, यांतल्या कशानंतरही तो होतो. ज्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही, पण ज्याच्या डोळ्यांदेखत मरण घडलं, त्यालाही होतो. असा प्रसंग घडल्यावर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं स्वाभाविकच असतं आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ओसरत नसेल आणि घर-काम-नाती त्यात अडकत असतील, तेव्हा त्याला आजार म्हणतात. तुमच्याकडे वर्ष उलटलंय.

शेजारी विसरायला सांगतात, तेव्हा त्यांना वाटतं हे आठवत बसलेत. तसं होत नाही. आपल्या मेंदूत धोक्याची जाणीव करून देणारा एक भाग आहे, अमिग्डला. जे घडलं ते कधी घडलं, कुठे घडलं याची नोंद लावणारा दुसरा, हिप्पोकॅम्पस. भयंकर प्रसंगात पहिला भाग अतोनात भडकतो आणि दुसऱ्याचं काम विस्कटतं. म्हणून त्या आठवणीला धड तारीख चिकटत नाही. ती "गेल्या आषाढात" म्हणून आठवत नाही, ती आत्ता, समोर, पुन्हा घडते. पावसाचा आवाज, ब्रेकचा कर्कश्श आवाज, ओल्या डांबराचा वास, एखादा रंग, यांतलं काहीही पुरतं. विचार करायच्या आत छाती धडधडायला लागते.

त्या मुलाच्या अंगावर काय होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हाला ते माहीतही नसेल. माझा अंदाज असा आहे की त्याच्या अंगावर निळा रेनकोट असणार, किंवा त्या रस्त्यात निळं काहीतरी पडलेलं असणार. तुमची लेक उंबऱ्यात निळा रेनकोट घालून उभी राहिली, तेव्हा एका क्षणात त्यांना रस्त्यावरचा मुलगा आणि स्वतःची मुलगी एकच दिसली. त्यांनी रेनकोट ओढून काढला तो रागाने नाही, तिला वाचवायला. हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. पोर घाबरली ती घाबरलीच, आणि तिला बाबांनी स्वतः सॉरी म्हणणं गरजेचं आहे. "चूक तुझी नव्हती, बाबांना अपघात आठवला आणि ते घाबरले," एवढं एका वाक्यात सांगितलं तरी आठ वर्षांच्या मुलीला कळतं. नाही सांगितलं तर ती ठरवून टाकते की दोष आपलाच. मात्र माझा अंदाज खरा की खोटा हे त्यांना खोदून विचारू नका. ते डॉक्टरांपुढे येईल तेव्हा येईल.

आडवाटेने जाणं, गाडीला हात न लावणं, दारू, या तिन्हींचं काम एकच आहे: ती आठवण अंगावर येऊ द्यायची नाही. त्या दिवसापुरता आराम पडतो, म्हणूनच ती सवय घट्ट होते. दारूने डोळा लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप ती मोडते, स्वप्नं आणखी भडक करते आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढवते. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर अंग थरथरणं, फीट येणं असे धोके असतात, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच. आणखी एक, फार्मसीतून कुणाच्या ओळखीने झोपेच्या गोळ्या आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, सवय मात्र लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

संमोहनाकडे येते. पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून, आबे फारियाचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. हात पुढे पसरून उभा असलेला धर्मगुरू आणि त्याच्यापुढे कोसळत जाणारी बाई. १९४५ पासून तो तिथे आहे, आणि गोव्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात संमोहनाचं चित्र तेच बसलंय: एकाच्या हातात सगळी शक्ती, दुसरा बेशुद्ध. तुमच्या मिस्टरांची भीती तीच. पण खुद्द फारियाचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा गोंयकार पॅरिसमध्ये लोकांपुढे संमोहनाचे प्रयोग करायचा. तेव्हा युरोपात समज असा होता की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखी काही शक्ती निघते. फारियाने ते साफ नाकारलं. माणूस त्या अवस्थेत जातो तो स्वतःच्या मनाच्या, स्वतःच्या कल्पनेच्या बळावर, दुसऱ्याच्या शक्तीने नव्हे, असं त्याने मांडलं. त्याचा ग्रंथ १८१९ मध्ये आला, आणि त्याच वर्षी तो वारला. दोनशे वर्षांनंतर आजचं शास्त्रही याच बाजूला उभं आहे. पूर्वी पणजीतच आल्तिनोच्या टेकडीवर मनोरुग्णालय होतं, त्याला त्याचंच नाव होतं. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि तुमच्या मिस्टरांना ही गोष्ट जरूर सांगा.

प्रत्यक्षात काय घडतं? माणूस खुर्चीत नीट टेकून बसतो. उपचार करणारा संथ आवाजात श्वासाकडे, हाताच्या जडपणाकडे, पायाखालच्या जमिनीकडे लक्ष न्यायला सांगतो. लक्ष एका जागी गोळा होत जातं, बाकीचे आवाज मागे पडतात. ही झोप नव्हे. बाहेरून जाणारी बस ऐकू येते, नाक खाजलं तर खाजवता येतं, "मला थांबायचंय" म्हणून डोळे उघडता येतात. नको ते वदवून घेता येत नाही. खोटंही बोलता येतं, गप्पही राहता येतं. सगळ्यांना हे सारखं साधत नाही. काही थोडे चटकन खोल जातात, काही थोड्यांना जवळजवळ काहीच होत नाही, बाकीचे अधेमधे असतात.

पहिल्या बैठकांत अपघाताचं नाव काढलं जात नाही. आधी एक सुरक्षित जागा कल्पनेत पक्की करतात. एखाद्यासाठी ते कुळागरातलं पाटाचं पाणी असेल, एखाद्यासाठी आजीची ओसरी. धडधड वाढली की तिथे परतायचं, हे अंगवळणी पडतं. मग हळूहळू, माणूस तयार झाल्यावर, त्या प्रसंगाकडे लांबून बघायला शिकवतात. एक पद्धत अशी की डोळ्यांपुढे दोन भागांचा पडदा आणायचा. डाव्या बाजूला जे घडलं ते. उजव्या बाजूला, त्याच वेळी आपण काय केलं ते. तुमच्या मिस्टरांच्या उजव्या बाजूला काय असेल, सांगा. धो धो पावसात ते पळून गेले नाहीत. त्यांनी फोन केला. अनोळखी मुलाचा हात धरून शेवटपर्यंत बसले. वर्षभर त्यांना डावी बाजू तेवढी दिसतेय. दोन्ही बाजू एका वेळी बघता येणं, हीच त्यांची बरं होण्याची वाट असेल असं मला वाटतं, मग ती संमोहनाने साधो की संमोहनाशिवाय.

अभ्यास काय सांगतात तेही सांगते. १९८९ साली नेदरलँड्समध्ये ११२ जणांवर एक अभ्यास झाला. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेणारी पद्धत, संमोहन आणि मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणारा उपचार, असे तीन उपचार त्यात तपासले. तिन्ही गटांतल्या लोकांना उपचाराची नुसती वाट बघणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. २००५ साली ऑस्ट्रेलियात, आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या लोकांवर, विचार-वर्तन उपचाराला संमोहनाची जोड देऊन पाहिली. उपचार संपताना जोड दिलेल्या गटाला तो प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येण्याचा त्रास कमी होता, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे संमोहनाची मदत होते, पण वजन मुख्य उपचाराचं आहे. पाच बैठकांत कायमची गॅरंटी यातून कुठेही निघत नाही.

ज्याचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे ते उपचार दोन. एक, आघातावर बेतलेला विचार-वर्तन उपचार, साधारण ८ ते १२ बैठकांचा. त्यात तो प्रसंग सुरक्षित वातावरणात, सावकाश, पुन्हा सांगितला जातो आणि "माझ्यामुळे झालं" यासारख्या रुतून बसलेल्या समजुती तपासल्या जातात. दुसरा ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात या दोन्हींची शिफारस केली आहे. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये.

यासाठी बांबोळीला गोमेकॉजवळच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या, मनोविकार संस्थेच्या ओपीडीत जा. बांबोळीला नेलं म्हटलं की गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलू द्या. तिथे उपचार सरकारी आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त राखणं इस्पितळावर बंधनकारक आहे. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा आणि एका कागदावर लिहून न्या: झोप किती, दचकणं कधी, दारू किती, रेनकोटची गोष्ट, आणि "कशाला राहिलो" हे शब्द जसेच्या तसे. पुरुष डॉक्टरपुढे "बरंय, थोडी झोप लागत नाही" म्हणून मोकळे होतात.

पुढे संमोहन घ्यावंसं वाटलं तर त्याच डॉक्टरांना विचारून घ्या. करणारी व्यक्ती मनोविकारतज्ज्ञ असावी किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हिप्नोथेरपिस्ट ही पाटी लहानसा कोर्स करूनही लावता येते. आघाताच्या पेशंटवर काम केलंय का, त्रास मध्येच वाढला तर काय करता, दारूबद्दल काय म्हणता, हे विचारा. उत्तरं टाळली, किंवा मागच्या जन्मात नेतो म्हणाले, तर उठून या. मागचा जन्म, दडलेली आठवण वगैरे उकरण्यात खरा धोका आहे. त्या अवस्थेत मन सुचवलेल्या गोष्टींनी रिकाम्या जागा भरतं, आणि न घडलेलंही घडल्यासारखं ठाम आठवायला लागतं.

म्हणूनच तुमची कोर्टाची केस महत्त्वाची. संमोहनानंतर त्यांनी अपघाताबद्दल सांगितलेल्या कुठल्याही तपशिलावर समोरचा वकील बोट ठेवू शकतो. त्यामुळे संमोहन सुरू करण्याआधी आपल्या वकिलांना सांगा. नेहमीच्या उपचाराला मात्र केससाठी थांबू नका.

घरात, रात्री ते दचकून उठले तर हलवू नका, मागून धरू नका. दिवा लावा, थोडं लांबून नावाने हाक मारा आणि सांगा, "तुम्ही घरात आहात, मी आहे, आज अमुक वार आहे." पाय थंड जमिनीवर टेकवायला सांगा. समोर दिसणाऱ्या चार-पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. काय स्वप्न पडलं, हे तेव्हा विचारू नका. आणि त्या वळणावर त्यांना स्वतःहून नेऊन भीती मोडायच्या भानगडीत पडू नका. ते उपचाराचा भाग म्हणून, ठरवून, पायरीपायरीने करतात.

सासूबाईंनी घातलेल्या गाऱ्हाण्याला कुणी हरकत घेऊ नये. मुलासाठी त्यांना जे करता येतं ते त्यांनी केलं. देवाला सांगून झालं, आता डॉक्टरला सांगू, असं त्यांना म्हणा. मला वाटतं त्याच मुलाला तयार करतील.

चवथीचं म्हणाल तर फटाके होणारच. शेजारच्या दोन-चार घरी आत्ताच जाऊन सांगा, की आमच्याकडे माणूस आजारी आहे, वाजवायचे झाले तर आधी हाक मारा. अचानक झालेल्या आवाजाने जितकं हादरतं तितकं अपेक्षित आवाजाने हादरत नाही. गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायचं काम त्यांच्याकडे द्या. हात गुंततात, लेकही जवळ राहते. आरतीला घुमट वाजायला लागल्यावर नको वाटलं तर उठून परसात जायची त्यांना मोकळीक असू दे, आणि ते का उठले हे कुणी विचारू नये, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पाहुण्यांनी आग्रहाने ग्लास पुढे केला तर नको म्हणायचं काम त्या दिवशी तुमच्या भावाकडे द्या. त्याला मदत करायचीच आहे. बांबोळीची ओपीडी मात्र चवथीनंतर बघू असं म्हणू नका, याच आठवड्यात जा.